पत्रूने मारलेले जंतू

पत्रू सिडाम रस्त्याने गेला की त्याच्या मागे टीसीएलचा वास रेंगाळतो. विहिरीचं पाणी शुद्ध करायला टाकतात ती पांढरी पावडर. तिचा उग्र वास त्याच्या सदऱ्यात, टोपीत, नखांत इतका मुरला आहे, की नीलाबाई, त्याची बायको, त्याचे कपडे वेगळे धुते. कोरपना तालुक्यात, जिवतीचा डोंगर सुरू होतो तिथे टेंभुरगुडा नावाचं साठ-पासष्ट घरांचं गाव आहे. अर्धी घरं गोंडांची, अर्धी कुणब्यांची, आणि सगळ्यांची मिळून एक विहीर. ग्रामपंचायतीच्या कागदावर पत्रूचं पद जलसुरक्षक असं आहे. गावात त्याला पाणीवाला म्हणतात.

काम ठरलेलं. उजाडता उजाडता विहिरीवर जायचं, बादलीत पावडर कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. अर्ध्या तासाने काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, म्हणजे पावडर पुरली; मग टाकीचा पंप सुरू करायचा. पिवळं झालं नाही तोवर गावाने बोंबा मारल्या तरी पत्रू बटण दाबत नसे.

याला कारण होतं. चोवीस वर्षांपूर्वी श्रावणात गावात हगवणीची साथ आली. अकरा माणसं आजारी पडली, तीन गेली. त्या तिघांत पत्रूची पाच वर्षांची जमना होती. गडचांदूरच्या दवाखान्याकडे जीप निघाली, पण अर्ध्या रस्त्यातच नीलाबाईच्या मांडीवर पोरगी थंड पडली. चार दिवसांनी पाणी तपासायला आलेल्या डॉक्टरने पंचायतीची खोली उघडायला लावली. कोपऱ्यात टीसीएलचं पोतं उभं होतं. त्याची शिवणही उसवलेली नव्हती. महिनाभर ते तसंच पडून होतं. टाकायचं कुणी, हेच ठरलं नव्हतं. पत्रू त्या पोत्याकडे बघत राहिला. नंतर त्याने हाताने शिवण ओढून काढली आणि म्हणाला, "उद्यापासून मी टाकतो."

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. बाप गेला त्या दिवशीही त्याने आधी विहीर केली, मग खांदा दिला. तापाने फणफणला होता तेव्हा नीलाबाईने जाऊन टाकली, आणि नळीतलं पाणी पिवळं झाल्याचं त्याला खाटेवर आणून दाखवलं.

होळी झाल्यावर काही दिवसांनी गावावरच्या वळणावर डिझेलचा टँकर उलटला. खाणीतल्या मशिनींसाठी तो डिझेल घेऊन निघाला होता. ड्रायव्हरचा हात मोडला, जीव वाचला. टाकीला मोठी चीर गेली होती आणि डिझेल उतारावरून धो धो वाहत होतं. गाव डबे, बादल्या, घागरी घेऊन धावलं. पत्रूनेही दोन कॅन भरले आणि शेतातल्या इंजिनला होतील म्हणून घरी ठेवले. बाकीचं डिझेल बघता बघता जमिनीने पिऊन टाकलं. क्रेन आली, टँकर उचलून नेला, आणि गाव ते विसरलं.

टँकर उलटल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी पत्रूने विहिरीत बादली सोडली. ती वर आली तसा त्याच्या नाकाला डिझेलचा वास आला. त्याला वाटलं, आपल्याच हाताला असेल, काल इंजिनला हात लावला होता. त्याने राखेने हात घासले, बादली घासली, पुन्हा सोडली. या वेळी त्याने पाण्याकडे नीट पाहिलं. वर निळा-जांभळा तवंग फिरत होता, उन्हाची तिरीप पडली तसा तो मोराच्या पिसासारखा चमकला. पत्रूने वाकून विहिरीत पाहिलं. काठापासून काठापर्यंत तेच.

तो कठड्याला धरून खाली बसला. टाकीत कालचं पाणी होतं. ते एव्हाना घराघरांत भरून झालं असणार, हे ध्यानात आलं तसा तो उठून पळत सुटला. "पाणी पिऊ नका! कोणी पिऊ नका! डिझेल हाये त्याच्यात!" पन्नाशी उलटलेला तो माणूस अनवाणी गावभर ओरडत होता. एका अंगणात त्याने पोराच्या हातातला पेला उडवला. ते कालचं पाणी चांगलं निघालं, पण ते दोन दिवसांनी कळलं.

तालुक्याहून माणसं आली. त्यांनी सांगितलं, की इथला खडक चुन्याचा, पोटातून चिरा गेलेला. रस्त्यावर सांडलेलं डिझेल चिरांतून झिरपत झिरपत विहिरीपर्यंत पोचलं. उपसून उपयोग नाही. उपसलं की खडकातलं आणखी येईल. विहिरीवर लाल पाटी लागली. पाण्याचा टँकर दिवसाआड येऊ लागला. पत्रू त्या टँकरच्या पाण्यात पावडर टाकी, नळी पिवळी करी, आणि परतताना विहिरीत डोकावून जाई.

वैशाखात सरपंच शकुबाईने पंचायतीपुढे माणसं जमवली. चंद्रपूरच्या कॉलेजात जंतूंचा विषय शिकवणाऱ्या करिश्मा मॅडम आल्या होत्या. तिशी-बत्तिशीची, बल्लारपुरात वाढलेली बाई. बोलणं साधं होतं, पण त्यांचं दुसरंच वाक्य ऐकून पत्रू उभा राहिला.

"काय टाकता म्हणाल्या?"

"जंतू," मॅडम म्हणाल्या. "तेल खाणारे जिवाणू. ते विहिरीत वाढवायचे."

"मॅडम, चोवीस वर्सं झाले, मी या विहिरीतले जंतू मारून राह्यलो. अन् तुमी म्हणता का आता आणून टाका?"

लोक हसले. पत्रूला हसू आलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

मॅडमही हसल्या नाहीत. "सगळे जंतू हगवणीचे नसतात, पत्रूभाऊ. गडचांदूरला ट्रक दुरुस्त करतात, त्या गॅरेजमागची माती पाहिलीय? काळीकुट्ट, तेलाने भरलेली. तिथे गवत उगवत नाही. पण हे जिवाणू तिथे मजेत राहतात, कारण तेलच त्यांचं अन्न. तिथूनच मी ते आणून वाढवलेत. माणसाला त्रास देतात का, तेही तपासलंय. त्यांना हवा लागते, थोडा युरिया, थोडं सुपरफॉस्फेट लागतं. बाकी जेवण विहिरीत आहेच."

"खाऊन काय होते मंग त्या तेलाचं?"

"आपण भाकर खातो तिचं काय होतं? थोडं अंगी लागतं, बाकीच्याची हवा आणि पाणी होतं."

पत्रूला ते पटलं नाही. शकुबाई म्हणाली, "पत्रूभाऊ, दुसरा रस्ता असन तं सांग. नसन तं मॅडमले करू दे." रस्ता नव्हता. मॅडमने एकच अट घातली: विहिरीत टीसीएल टाकायची नाही. चिमूटभरही नाही. पत्रूने मान हलवली, आणि त्या क्षणी आपला हात कुणीतरी खांद्यापासून काढून घेतला असं त्याला वाटलं.

आधी वरचं तेल काढलं. त्यासाठी मॅडमने कापूस मागितला, तेव्हा लोकांना चेष्टाच वाटली. घरोघरी पडून राहिलेला डागी कवडी कापूस साड्यांत बांधून विहिरीत सोडला. तो तरंगत राहिला आणि तेल ओढून तपकिरी झाला; पाणी मात्र त्यात शिरलं नाही. चार दिवस हेच चाललं. भिजलेला कापूस खड्ड्यात शेण-मातीत मिसळून टाकला. मग नारळाच्या काथ्याचे उशीएवढे गठ्ठे मॅडमच्या डब्यांतल्या भुरकट पाण्यात भिजवून दोरांनी विहिरीत लटकवले. हवा सोडायला एक छोटा पंप बसवला. त्या भुरकट पाण्याला वास होता तो नांगरलेल्या जमिनीचा. पत्रूने नाकाजवळ नेऊन पाहिलं आणि झटकन हात पुसला.

देखरेख त्याच्याकडेच आली. रोज बाटली भरायची, वास घ्यायचा, तवंग बघायचा, वहीत लिहायचं. पहिले पंधरा दिवस त्याने "डिझेलचा वास हाये" एवढंच लिहिलं. विसाव्या दिवशी तवंग फाटल्यासारखा दिसला, मधे मधे स्वच्छ पाण्याची ठिगळं. पंचविसाव्या दिवशी काठाला पांढरट फेस. काथ्यावर बुळबुळीत थर चढला. महिना उलटला आणि एका सकाळी बाटली नाकाला लावली तर वास शोधावा लागला. पत्रूने ती पुन्हा हुंगली, दुसरी भरली, तीही हुंगली. विहिरीत कुणी उतरलं नव्हतं, कुणी काही काढलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत बसून डिझेल खात होतं.

घरी येऊन म्हणाला, "खाऊन राह्यले वं."

"कोण?" नीलाबाई भाकर थापता थापता म्हणाली.

"ते."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांत जंतू या शब्दानंतर नवऱ्याने कधी शिवीशिवाय दुसरं काही काढलं नव्हतं.

आषाढ लागला. एका सकाळी शेजारची सुगंधाबाई कडेवर पोर घेऊन धावत आली. तिची नात दिव्या, चार वर्षांची, पहाटेपासून ओकत होती, जुलाब थांबत नव्हते. पोरीचे डोळे खोल गेले होते. पत्रू दारातच थिजला. त्याने ते डोळे आधी पाहिले होते. गल्लीतल्या एका पोराची मोटरसायकल निघाली, सुगंधाबाई पोरीला छातीशी धरून मागे बसली. निघता निघता ती रडत म्हणाली, "मीच चुकली पत्रूभाऊ. काल टँकर आला नाई तं विहिरीतून दोन बादल्या काढल्या भांडे धुवाले."

बस. पुढचं पत्रूला नीट आठवत नाही. म्हणजे पाय कुठे गेले ते आठवतं, पण आपण काही ठरवलं असं आठवत नाही. त्याने पंचायतीची खोली उघडली, पोतं ओढलं, पावडर मोजलीही नाही. चुना खाली बसण्याची वाट पाहिली नाही. बादलीमागून बादली कालवून त्याने विहिरीत ओतली. पाणी पांढरं झालं. वासाने त्याच्याच डोळ्यांतून पाणी आलं. काठावरचा फेस बघता बघता विरला. हवेचा पंप घुरघुरत होता, तो त्याने बंद केला. मग नळी काढली, थेंब टाकले. पाणी पिवळं नाही, पार केशरी झालं. चोवीस वर्षांची सवय, त्याला बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. सुगंधाबाई गडचांदूरहून पोरीला घेऊन परतली. सलाईन लावून दिव्या हुशारली होती, बिस्कीट खात होती.

"डॉक्टर काय म्हणे?" पत्रूने विचारलं.

"कोरपन्याले बारशाले गेलतो ना, तिथलं दही खराब होतं म्हणे. तिथलेच तीन पोट्टे भरती हायेत दवाखान्यात. विहिरीचं काईच नाई त्याच्यात." ती हात जोडून देवाचं नाव घेत आत गेली.

पत्रू अंगणात उभाच. दीड महिना रोज बाटल्या भरून, हुंगून, लिहून जे वाढताना पाहिलं, ते त्याने एका सकाळी जाळून टाकलं होतं. आणि कारण होतं कोरपन्यातलं दही. विहिरीवर जायला त्याचे पाय उचलेनात. दोन दिवस त्याने वहीत काही लिहिलं नाही. जेवण जात नव्हतं. नीलाबाईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "मी मारून टाकलं सगळं."

गुरुवारी मॅडम आल्या. शकुबाई आणि चार-पाच माणसं बरोबर होती. विहिरीपाशी पोचायच्या आधीच मॅडम थांबल्या. वास लपणारा नव्हता. त्यांनी आत पाहिलं, बाटली भरली, हुंगली.

"कुणी टाकलं?"

कुणालाच काही माहीत नव्हतं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी पोरांची खोड असेल म्हणालं.

"मी," पत्रू म्हणाला. "मी टाकलं. मोजलं बी नाई."

शकुबाई त्याच्याकडे वळली. "तू? अरे, काऊन पण?"

मॅडम कठड्यावर बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातली बाटली त्या नुसती फिरवत राहिल्या; पत्रूला शिव्या परवडल्या असत्या. मग वाटेत शकुबाईने सांगितलेलं आठवून त्यांनी मान वर केली. "दिव्या आजारी पडली म्हणून?"

पत्रूने मग जे कधी बाहेरच्या माणसाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पोत्याची शिवण, जीप, जमना. तो एका दमात बोलला, जमिनीकडे बघत. "मले वाटलं, पुन्हा तसंच होते. तुमचं आयकून पावडर नाई टाकली, अन् पोट्टी गेली, तं मी कोन्या तोंडानं जगू?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला हे कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पण मीही विचारलं नाही. टाकू नका एवढं सांगून गेले. भीती वाटली तर मला फोन करा, हेसुद्धा सांगितलं नाही तुम्हाला."

त्या उठल्या आणि काथ्याचा एक गठ्ठा वर ओढायला लावला. बाहेरून तो पांढरा पडला होता, बुळबुळीत थर धुऊन गेला होता. मॅडमने विळा मागितला आणि गठ्ठा मधोमध चिरला. आत खोलवर, दोन बोटांएवढ्या जागेत काथ्या अजून तपकिरी, ओलसर होता. त्यांनी तो नाकाला लावला आणि पत्रूपुढे धरला. टीसीएलच्या वासाखाली, अगदी पुसट, नांगरलेल्या मातीचा वास येत होता. "सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि तुकडा पिशवीत घालून घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी फोन आला. "पत्रूभाऊ, आतले जिवंत आहेत. थोडेच, पण वाढतायत."

पत्रूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. एवढी पावडर! आयुष्यभर त्याने धरलेली एकच गोष्ट अशी होती, की टीसीएल पडली की काही उरत नाही. "पण मंग," तो अडखळत म्हणाला, "आधीचे बी असेच उरत असन? हगवणीवाले? दगडाच्या फटीत?"

"काही उरतच असतील."

"म्हंजे मी चोवीस वर्सं..."

"म्हणून तर रोज टाकावी लागते, पत्रूभाऊ. एकदा टाकून भागलं असतं तर तुमची गरजच काय होती? उरतात, वाढू पाहतात, तुम्ही रोज त्यांना वाढू देत नाही. तुमचा एक दिवस चुकला नाही, त्याने गाव वाचलं."

त्याने फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिला. नीलाबाईने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आतले जित्ते हायेत म्हणे."

काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. विहिरीतला टीसीएलचा वास उडेपर्यंत वाट पाहिली, नवे गठ्ठे सोडले, हवा सुरू केली. पावसात खडकातून आणखी डिझेल उतरलं आणि तवंग पुन्हा वाढला, तेव्हा गावाने आशा सोडली. पत्रूने वहीत "वाढला" असं लिहिलं आणि मॅडमला फोन केला. आता तो लहानसहान गोष्टीलाही फोन करी. दिवाळीला तवंग गेला. थंडीत जंतू मंदावले. माघ संपता संपता तपासणीचा कागद आला, त्यात डिझेलच्या रकान्यात आढळले नाही असं छापलेलं होतं.

मॅडमने मग सांगितलं, की विहीर उपसा, भिंती घासा आणि टीसीएलचा दणदणीत डोस द्या. पत्रू बादली घेऊन उभा राहिला आणि त्याचा हात चालेना. "इतकं काम करून देल्लं त्याइनं," तो पुटपुटला.

"त्यांचं जेवण संपलंय, पत्रूभाऊ. एरवीही उपाशीच मरतील. पाणी आता माणसांचं आहे."

त्याने ओतली. या वेळी मोजून, चुना खाली बसू देऊन.

गाव लगेच विहिरीकडे वळलं नाही. महिनाभर बाया टँकरचंच पाणी भरत राहिल्या. सुगंधाबाईने आधी भांडी धुतली, मग भात शिजवला, मग एक दिवस दिव्याला पेला भरून दिला. पावसाळ्यात पत्रू अजून रोज बाटली भरून हुंगतो. खडकात कुठे काय अडकलं आहे, ते त्याला ठाऊक नाही आणि मॅडमनाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिवतीकडच्या एका पाड्यावरच्या विहिरीत असंच तेल उतरलं. मॅडमने पत्रूला बरोबर नेलं. त्या पंचायतीपुढे बोलत होत्या तेव्हा पत्रू गर्दीत हळूच विचारत फिरत होता, "तुमच्या इथी पावडर कोण टाकते?" कुणीतरी मागे बसलेल्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं. तिची बोटं पावडरीने उललेली होती. ती मॅडमकडे रागाने बघत होती. पत्रू तिच्या शेजारी जाऊन बसला आणि किती वर्षांपासून टाकता म्हणून विचारलं. त्या दिवशी ती उठून दुसरीकडे जाऊन बसली. पत्रू पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्याकडे गेला.